चौदा नंबर माझ्यासाठीच का थांबते

खरं तर हे मी सांगायचं नाहीये. घरून सक्त ताकीद आहे, थांब्यावर तोंड उघडायचं नाही. आणि ते मला जडही जात नाही, कारण मी एरवी तरी कुठे बोलते? वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणते तेही दोनदा म्हणावं लागतं, पहिल्यांदा बाईंना ऐकूच जात नाही. पण मावशी, तुम्ही आज चौथ्यांदा विचारलंत की चौदा नंबर आम्हा कुणाला बघून थांबत नाही आणि ही पोरगी उभी असली की बरोबर कशी थांबते... आणि त्यावर हे आजोबा म्हणाले, ‘वर ओळख असेल.’ आजोबा, वर कुठली हो ओळख? वर टपाचा पत्रा आहे, तोही गळका. आणि मागचे काका काही बोलले नाहीत, नुसतं माझ्या दप्तराकडे बघून ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ मला लागलं. म्हणून सांगते. सात दहाची गाडी आहे, सव्वासात झालेत, म्हणजे वेळ आपल्याकडे भरपूर आहे.

तुम्हाला सांगते, मला या गाडीची किळस येते. उगीच लाडानं म्हणत नाही, खरोखरची किळस. चढताना ज्या दांड्याला धरतो ना, तो चिकट असतो. कशानं चिकट, ते मी दोन वर्षं ठरवते आहे, अजून ठरलेलं नाही. खिडकीच्या काचेवर डोकं टेकून टेकून तेलाचे गोल उमटलेत, एकात एक, एखाद्या जुन्या झाडाच्या बुंध्यासारखे, त्यावरून गाडीचं वय सांगता येईल. शेवटून दुसऱ्या बाकाचा स्पंज कुणीतरी मूठ मूठ काढून नेलाय. नेऊन काय केलं असेल त्याचं? आणि जो उरलाय तो ओला. पाऊस असो नसो, ओलाच. मी कधी बसत नाही, पण नवीन माणूस बसतो, आणि मग त्याचा चेहरा बघवत नाही.

पण हे सगळं गाडीत चढल्यानंतरचं. म्हणजे चैन. चढायला मिळायला हवं ना? तुम्ही रोज बघता. गाडी लांबून दिसते, आपण सगळे पिशव्या उचलतो, पुढे सरकतो, आणि ती मधल्या पट्ट्यातून तशीच निघून जाते, आणि मागच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर हात हलवत ओरडतो, ‘मागून रिकामी येतेय!’

मागून रिकामी येतेय. मी सातवीत असल्यापासून ती येते आहे. आता दहावी संपत आली. कुठून निघाली असेल?

बरं, गाडी थांबत का नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत आहे. शेवटच्या थांब्यावर एक पत्र्याची खोली आहे, त्यात टाइमकीपर बसतो, समोर रजिस्टर. गाडी किती वाजता आली ते तो लिहितो. उशीर झाला की वेळेभोवती लाल पेनानं गोल. महिन्यात तीन लाल गोल झाले की ड्रायव्हरची सकाळची फेरी काढून घेतात आणि त्याला लांबच्या मार्गावर टाकतात, तिकडेच मुक्काम, आठवड्यातून एकदा घरी. आता मला सांगा, पहिल्या थांब्यावर वेळ लिहितात, शेवटच्या थांब्यावर लिहितात. मधले अठरा थांबे? तिथे कोण आलं, कोण राहिलं, हे कुणीच लिहीत नाही. सिग्नल चुकवता येत नाही, खणलेला रस्ता चुकवता येत नाही. थांबा चुकवता येतो. मग ड्रायव्हर तोच चुकवतो. आणि आपण म्हणजे कोण? आपण म्हणजे उशीर. डेपोच्या दारावर मोठा फलक लावलाय बघा, चौदा नंबर शंभरात शहाण्णव वेळा वेळेवर पोहोचते. खोटं नाहीये ते. गाडी पोहोचतेच वेळेवर. आपण पोहोचत नाही.

एवढं सगळं मला कसं माहीत, असं विचारताय ना? काका, तुम्ही पुन्हा ‘हं’ म्हणायच्या आत सांगते. चौदा नंबर सकाळी चालवतात ते माझे बाबा आहेत.

थांबा, थांबा, असं बघू नका. आधी ऐका तरी.

माझी विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. दहावीची. शाळेत सात चाळीसला हजर राहायचं, पावणेआठला सुरू. बाबा पहाटेच घरातून निघतात, डेपो गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे त्यांच्याबरोबर जायचा प्रश्नच नाही. मी इथे, याच जागी, या तीन फळ्या निघालेल्या बाकाजवळ उभी. सात बावीसला गाडी आली. मोकळी होती हो! पुढच्या चार खिडक्यांत माणूस नव्हतं. मी हात केला. बाबांनी मला पाहिलं. नजरानजर झाली. आणि बाबांनी... बाबांनीही मला हात केला. निरोपाचा. घरून निघताना करतात तसा, फक्त स्टिअरिंगवरून चार बोटं उचलून. आणि गेले. आणि मागच्या दारातून कंडक्टर, त्याला काय माहीत मी कोण ते, ‘मागून रिकामी येतेय!’

मागून जी आली ती पस्तीस मिनिटांनी आली आणि तिच्यात मी एका पायावर उभी होते. दुसरा पाय कुठे होता ते उतरल्यावर कळलं. शाळेत पोहोचले तेव्हा सगळ्यांचे बर्नर पेटलेले. बाईंनी आत घेतलं, पण बाहेरचे परीक्षक म्हणाले, उरलेल्या वेळात जे जमेल ते. बाटलीतली पांढरी पूड ओळखायची होती. मला घरात ती पूड डोळे मिटून ओळखता आली असती. तिथे घाईघाईत परीक्षानळी फुटली, ओळखलं चूक. बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुझे बाबा ड्रायव्हर ना गं? आणि तुलाच बस चुकते?”

हळूच म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी बसस्थानकावर गेले. चौकशीच्या खिडकीत तक्रारवही असते, सुतळीनं बांधलेली, जणू कुणी पळवून नेणार आहे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कसली तक्रार. मी म्हटलं, गाडी थांबली नाही. त्या म्हणाल्या, मग त्यात नवीन काय? पण वही सरकवली. पेन चालत नव्हतं, मी माझं काढलं. वही चाळली तर शेवटची तक्रार दोन वर्षांपूर्वीची, तीही चढायच्या धडपडीत लिहिल्यासारखी, एक अक्षर लागेना. उत्तराचा रकाना पहिल्या पानापासून कोरा. मी मनात म्हटलं, ही वही कोण वाचतंय? लिहून मोकळी हो.

आणि मी लिहिलं. बोलता येत नाही मला, पण लिहिता येतं. पट्टीनं समास आखला. दिनांक, वेळ, मार्ग क्रमांक अधोरेखित. मुद्दा एक, गाडीत जागा होती. मुद्दा दोन, रस्ता मोकळा होता. मुद्दा तीन, ब्रेक नादुरुस्त नव्हते, कारण पुढच्याच सिग्नलला गाडी थांबलेली मी पाहिली. मुद्दा चार, चालकाने विद्यार्थिनीला पाहिले व हात हलवून निरोप दिला. खाली सही नाही, नुसतं ‘एक विद्यार्थिनी’.

इथेच माझं चुकलं. मला वाटलं, वही कुणी वाचत नाही कारण कुणाला पर्वा नाही. तसं नव्हतं. वाचत नव्हते कारण वाचता येत नव्हतं! दोन वर्षांत पहिल्यांदा सुवाच्य अक्षरात तक्रार आली आणि खिडकीतल्या बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ती झेरॉक्स काढून वर पाठवली.

चौथ्या दिवशी बाबा घरी आले ते हातात मेमो आणि त्याला जोडलेली तक्रारीची झेरॉक्स घेऊन. आणि आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. मेमो आला की खुलासा द्यावा लागतो, लेखी. बाबांचं अक्षर म्हणजे खड्ड्यातून गाडी जाताना काढल्यासारखं. म्हणून मी सहावीत असल्यापासून बाबांचे खुलासे मी लिहिते. मग बाबांच्या मित्राचा लिहिला, मग त्यांच्या मित्राचा. आता निम्म्या डेपोचे खुलासे माझ्या अक्षरात आहेत. ‘वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो की’ हे मी झोपेतही लिहीन. तर बाबांनी मेमो माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, या महिन्यात दोन लाल गोल आधीच झालेत, त्यात ही तक्रार, खुलासा पटला नाही तर एक तारखेपासून लांबचा मार्ग. चष्मा गाडीत राहिलाय, तू वाच.

आणि मी माझी तक्रार माझ्या बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली.

पहिल्या मुद्द्याला बाबा म्हणाले, कोण कार्टी आहे ही, जागा मोजत बसलेली? दुसऱ्याला म्हणाले, रस्ता मोकळा होता म्हणे, हिच्या बापानं चालवलीय का गाडी त्यावरून? आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि एकच शर्ट तीनदा उलगडून परत त्याची घडी घातली. तिसऱ्याला बाबा म्हणाले, हुशार आहे पण. मग चौथा. माझा आवाज इतका बसला की बाबा म्हणाले, नीट वाच. मी वाचलं. चालकाने हात हलवून निरोप दिला.

बाबा म्हणाले, “मी कुणाला हात...” आणि थांबले.

त्या थांब्यावर त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला हात केलाय.

मला वाटलं, आता पडेल एक. पण बाबांनी विचारलं, प्रात्यक्षिकाचं काय झालं? मी म्हटलं, पूड ओळखली नाही. ते मान खाली घालून बसले. मग म्हणाले, “नीट लिहिलंयस. आता खुलासाही तेवढाच नीट लिही.”

तुम्हाला सांगते, एवढा अवघड पेपर मी दिलेला नाही. गर्दी होती लिहावं, तर मुद्दा एक. रस्ता खणलेला होता लिहावं, तर मुद्दा दोन. ब्रेकचं नेहमीचं कारण, ते माझं लाडकं, ते मीच तिसऱ्या मुद्द्यात मारून टाकलेलं. मीच मला कुठून निसटू देत नव्हते! चार कागद फाडले. बाबा शेजारी बसून प्रत्येक फाटलेल्या कागदाला म्हणत होते, राहू दे, जाईन लांबच्या मार्गावर, तिकडे तरी थांबे कमी असतात. शेवटी मी खरं तेच लिहिलं. विद्यार्थिनी उभी होती. मी तिला पाहिले. गाडीला बारा मिनिटे उशीर होता. थांबलो असतो तर तिसरा लाल गोल झाला असता, म्हणून थांबलो नाही. सदर विद्यार्थिनी माझी मुलगी आहे. बाबांनी सही केली. सही तेवढी त्यांची.

डेपोत मोठ्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बाबांनी घरी येऊन सगळं करून दाखवलं. साहेब म्हणे एकदा इकडे बघतात, एकदा तिकडे बघतात. मग म्हणाले, “तुम्हीच तुमच्याविरुद्ध तक्रार केलीत?” बाबा म्हणाले, नाही साहेब, मुलीनं. “आणि खुलासा?” तोही मुलीनंच. तेवढ्यात कारकून बाई जुनी फाइल घेऊन आल्या, त्यात एकतीस खुलासे, सगळे त्याच अक्षरात. साहेबांनी म्हणे कपाळाला हात लावला आणि ‘चहा सांगा’ एवढंच म्हणाले.

पण बाबांची फेरी राहिली. खरं लिहिलेला खुलासा साहेबांनी पहिल्यांदाच पाहिला होता, त्याचं काय करायचं ते त्यांनाही कळेना. तक्रार मात्र निकाली काढायला हवी. मग त्यांनी लेखी आदेश काढला. आता नीट ऐका, मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं. ‘सदर थांब्यावर सदर तक्रारदार विद्यार्थिनी उभी असल्यास गाडी अवश्य थांबवावी.’ संपलं. तक्रार एकीची, म्हणून उपाय एकीपुरता. बाबा आदेश तंतोतंत पाळतात. थांबवतात, मी चढते, तीन सेकंदांत निघतात, तुम्ही धावत येईपर्यंत बेल झालेली असते. मी आतून तुम्हाला बघते. त्या चिकट दांड्याला धरून. तुम्हाला वाटतं मला मजा वाटते? मान वर करवत नाही माझी.

आणि साहेबांनी बाबांना बजावलंय, बाहेर कुठे बोलायचं नाही, नाहीतर उठून सगळेच तक्रार लिहितील आणि मग सगळ्यांसाठी गाडी थांबवावी लागेल. म्हणून मी हे सांगायचं नव्हतं. आणि म्हणूनच सांगते आहे. तुम्ही लिहा. तिघंही लिहा. खिडकीतलं पेन चालत नाही, आपलं न्या, आणि सुवाच्य लिहा, समास आखून, नाहीतर मी लिहून देते, मला मजकूर पाठ आहे, आजोबा, तुमच्या गुडघ्याचा मुद्दा पहिला घालू, आणि शेवटी लिहायचं, माझ्यासाठीही गाडी... आली वाटतं. हो, आलीच. मावशी, पिशवी उचला, आज जरा पुढे येऊन उभ्या राहा, मी पायरीवर जरा हळू चढते, तेवढ्यात तुम्ही...

“अगं ए, चढ पटकन, दहा मिनिटं उशीर आहे!”

आले, बाबा! काका, दप्तर सोडा माझं, आदेशात फक्त मीच आहे हो, तुम्ही उद्या नक्की लिहा, आजच्या दिवस जरा थांबा, मागून रिकामी ये...