मधू गायकवाडचा ट्राय बॉल

जय भीम. सलाम. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढच्या रांगेत बसायला कुणालाच नको असतं, मला कळतं. पण या.

मालनवहिनी काल म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बोला." मी हो म्हणालो आणि घरी जाऊन पस्तावलो. मी दुरुस्तीवाला माणूस. आत्ता हा माईक बंद पडला असता तर बरं झालं असतं, तो उघडून बसलो असतो. पण चालू आहे. तेव्हा बोलायला हवं.

मी सलीम तांबोळी. बुधवार पेठेत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. पण मी मूळचा इथला, खडकीचा. मधूचे वडील आणि माझे वडील एकाच फॅक्टरीत, आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी. मधूच्या घरची भाकरी आणि आमच्याकडची शेवई, यातलं कुठलं घर माझं, हे मला शाळेत जाईपर्यंत नीट माहीत नव्हतं.

आत्तापर्यंत सगळे मधूच्या चांगुलपणावर बोलले. विहारासाठी त्याने काय केलं, कुणाच्या पोरांच्या फिया भरल्या. सगळं खरं आहे. मला मात्र एका चेंडूबद्दल बोलायचंय. हसू आलं तर हसा. मधूने कधी कुणाला हसण्यापासून अडवलं नाही.

मधू लेगस्पिन टाकायचा. मी कीपर. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेगस्पिन म्हणजे टप्पा पडल्यावर बाहेर जाणारा चेंडू. गुगली म्हणजे तसाच दिसणारा, पण आत येणारा. फलंदाजाला फरक कळू नये, हीच सगळी गंमत. पण कीपरला कळायला हवा ना? म्हणून आमची एक खूण होती. गुगली टाकण्याआधी मधू कानाची पाळी धरायचा. डावा कान. ही खूण फक्त आम्हा दोघांना माहीत.

एका रविवारी दुपारी वसाहतीच्या मैदानावर सामना चालला होता. फलंदाज होता तो तिकडे बसलाय, खांबाजवळ, चेकचा शर्ट. जोगळेकर. मान वर कर रे, लोकांना दिसू दे. तेव्हा हा मधूबरोबर फॅक्टरीत होता. मधूच्या हातात चेंडू आला. आमच्या मैदानावर रिवाज होता, नवा बोलर आला की पहिला चेंडू ट्राय. ट्राय बॉल. हात मोकळा करायचा म्हणून. त्यावर रन नाही, त्यावर आऊट नाही.

मधू चालत आला. त्याचा रनअप म्हणजे पायरी चढल्यासारखा, दोन-चार पावलं, घाई नाही. जाता जाता हात डाव्या कानाकडे गेला. मी म्हटलं, गुगली. मी पायाच्या बाजूला सरकलो. आणि चेंडू सुटला.

मंडळी, तो चेंडू किती वेळ हवेत होता कुणास ठाऊक. मला अजूनही तो हवेतच दिसतो. दुपारचं ऊन होतं, मॅटची धूळ होती. लोणावळ्याकडे जाणारी गाडी स्टेशनातून सुटत होती, आणि कुठल्यातरी क्वार्टरमध्ये कुणी तांदूळ निवडत गुणगुणत होतं. सगळं मला ऐकू येत होतं. चेंडू वर होता आणि कुणालाच कुठे जायची घाई नव्हती. मग तो उतरायला लागला, आणि नेमका जोगळेकर माझ्यामध्ये आणि चेंडूमध्ये आला. मला टप्पा दिसला नाही. नुसतं टिक झालं. बाहेरच्या, म्हणजे ऑफ स्टंपवरची बेल खाली पडली होती, आणि स्टंप होते तसेच उभे. एखाद्याने येऊन हळूच टोपी काढून ठेवावी, तसं.

जोगळेकरने पाहिला असेल, म्हणाल. कसला! ट्राय बॉल म्हणून हा बॅट खांद्यावर घेऊन गाडी बघत होता.

अंपायर म्हणाला, "ट्राय होता." मधू म्हणाला, "हो, ट्रायच होता." पुढचा चेंडू जोगळेकरने उचलला तो वसाहतीबाहेर. तो मोजला गेला.

मग आमचं वाढलं वय. जोगळेकर फॅक्टरी सोडून कॉम्प्युटरच्या कंपनीत गेला, धायरीला फ्लॅट घेतला. मधूचा खांदा गेला, बोलिंग सुटली. माझ्या दुकानात रेडिओ कमी आणि रंगीत टीव्ही जास्त यायला लागले. केबल आली. जगातल्या मैदानांवरचे थोर थोर चेंडू दुकानात दिसायला लागले. पायामागून जाऊन ऑफ स्टंप उडवणारे, अंगठ्यावर आदळणारे, दोन स्टंपांमधून शिरणारे. एकेक चेंडू दहादा दाखवायचे, हळू करून, उलटा फिरवून. फुटपाथवर गर्दी व्हायची. लोक म्हणायचे, असा चेंडू कधी पडला नाही. मधू मागे उभा राहून शांतपणे म्हणायचा, "बरा आहे. ह्यांचा मोजतात."

रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली. आत आम्ही तिघं, चहा, आणि तो एक चेंडू. जोगळेकर म्हणायचा, बेल बाहेरच्या बाजूला पडली, म्हणजे लेगस्पिन. मी म्हणायचो, त्याने कान धरला, म्हणजे गुगली. जोगळेकर म्हणायचा, कानाशी चिलट आलं असेल. मी म्हणायचो, तू गप, तू गाडी बघत होतास. मग दोघं मधूकडे बघायचो. मधू बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "आठवत नाही रे."

एकदा जोगळेकरने लॅपटॉपवर दोन्ही चेंडूंची हलती चित्रं करून आणली, फलंदाजासकट. एक आत येणारा, एक बाहेर जाणारा. मधूने चष्मा लावून दोन्ही पाहिले. म्हणाला, "छान आहेत. फक्त ह्यातला जोगळेकर फारच लक्ष देऊन खेळतोय."

पोरं मोठी झाली, नातवंडं आली. त्या चेंडूचा निकाल काही लागला नाही. आम्ही भांडून भांडून दमलो की शटर वर करायचो आणि आपापल्या घरी जायचो.

काल सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. मधूची लेक. हिंजवडीला कंपनीत मोठ्या जागेवर आहे. मला म्हणाली, "काका, बाबांना बोलिंग करताना मी कधी पाहिलं नाही. एक फोटोसुद्धा नाही. लहानपणापासून विचारत आले, तर ते म्हणायचे सलीमकाकांना विचार. आता सांगा ना. तो चेंडू नक्की काय होता?"

सुजाता, बेटा, काल मी तुला उत्तर दिलं नाही. उठून पाणी प्यायला गेलो. मला खूप वाटलं होतं, गुगली म्हणून सांगून टाकावं. तुझं समाधान झालं असतं आणि जोगळेकर हरला असता. पण तुझ्या बापाच्या चेंडूबद्दल मी तुला थाप कशी मारू?

तर काय झालं ते सांगतो. तुझ्या आईला, मालनवहिनींनाही हे माहीत नाही. ह्या गुरुवारी मी दवाखान्यात मधूजवळ बसलो होतो. बोलताना त्याला धाप लागायची, म्हणून मीच आपला बोलत होतो. बोलता बोलता नेहमीचंच काढलं. म्हटलं, मधू, तुझा कान. मधू हसला. असा हसला, की मला ते मैदानच दिसलं. म्हणाला, "सलीम, मला पहिल्या दिवसापासून आठवतंय."

मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, अरे गाढवा, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

म्हणाला, "बोललो असतो तर तुम्ही आला असतात का?"

मला राग आला. खरंच आला. आणि लगेच रडूही आलं, ते मी खोकून लपवलं. ह्या माणसाने आमच्यासाठी एक चेंडू आयुष्यभर हवेत ठेवला होता. मी म्हटलं, आता सांग. आत्ताच्या आत्ता सांग. जोगळेकरला मी फोन लावतो. तर म्हणाला, "आज नको. रविवारी या दोघं. सांगतो."

शुक्रवारी पहाटे तो गेला.

सुजाता, जगातला सगळ्यात थोर चेंडू काय होता, हे मला माहीत नाही. जोगळेकरला माहीत नाही. ज्याला माहीत होतं, त्याने शब्द दिला होता, आणि मधू गायकवाडने शब्द मोडलेला मी कधी पाहिला नाही.

आज रविवार आहे. जोगळेकर आलाय. मी आलोय.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी बोलू नका. मधू, आम्ही ऐकतोय.