जोतीरामानं शिवी दिली नाही

मंडळी, ऐका! आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ. संशय घेणं — हे पाप की पुण्य?

पाप! बघा, पुढची ओळ किती पटकन बोलली! आणि मागं बसलेल्या बाया? एकदम गप्प! अगं, तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. घरी जाऊन नवऱ्याच्या खिशाला विचारा!

आणि हा कुणाचा मोबाईल वाजला? थांबा, बंद करू नका हो! लाजताय कशाला? आज आख्यानच त्याचं आहे. पेटीवाले, जरा सूर धरून ठेवा. सांगते.

आपल्यासारखंच तालुक्याचं गाव. नाव सांगणार नाही — सांगितलं की उद्या तुम्ही तिथं जाऊन विचाराल, 'कुठली हो ती सिस्टर?' सरकारी दवाखाना. अपघाताची खोली, तीन खाटा, एक पंखा. वार गुरुवार — बाजाराचा! वेळ दुपारी तीनची. आणि ड्युटीवर कोण? मंदाकिनी खिलारे. नऊ वर्षं नोकरी झालेली, हाताला सवय, डोळ्याला सवय, आणि जिभेलाही सवय — 'आत घ्या, झोपवा, बाजूला व्हा!'

आता या सिस्टर लोकांना सहा महिन्यांपूर्वी वरून एकेक मोबाईल आलेला. कशासाठी? पिऊन पडलेला माणूस आला की मोबाईल हातात घ्यायचा, आणि तो मोबाईल विचारील ते तपासायचं. तोंडाला वास येतो का? बोलणं अडखळतं का? नाव, गाव, वार सांगतो का? दोन्ही हात उचलतो का? डोळ्यांत बॅटरी मारली की दोन्ही बाहुल्या सारख्याच आकसतात का? डोक्याला मार दिसतो का? सगळं भरलं की पडद्यावर रंग येणार. हिरवा — कुशीवर झोपवा, लक्ष ठेवा. पिवळा — अर्ध्या अर्ध्या तासानं पुन्हा बघा. लाल — डॉक्टरांना बोलवा, आणि पळत बोलवा!

सोय चांगली हो! मी नावं ठेवणार नाही. आमच्या लहानपणी दवाखान्यात बळवंतराव कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचे, कात्रीनं तिला डोसाचे दात पाडायचे. पिणारा आला की वाकून हुंगायचे — झालं निदान! त्यांचं नाक हाच त्यांचा मोबाईल. त्या बळवंतरावांचं अजून एक काम आहे मला, पण ते मागाहून.

तर या मोबाईलात एक बटण होतं. त्याच्यावर लिहिलेलं — 'मागीलप्रमाणे'. तोच माणूस पुन्हा आला, तर नाव-गाव-वय पुन्हा कशाला लिहा? बटण दाबा, आपोआप भरतं. पण मंडळी, नाव-गाव भरणारं बटण सगळंच भरत होतं! वाससुद्धा! डोळेसुद्धा!

आणि 'तोच माणूस' म्हणजे कोण? जोतीराम लोंढे! बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दर गुरुवारी बाजारात प्यायचा, एस.टी. स्टँडसमोर पडायचा, रिक्षावाले त्याला आणून टाकायचे. आणि आला की सिस्टरच्या हातातला मोबाईल बघून ओरडायचा — "ए बाई! त्या डबड्यानं माझा फोटू काढतीस व्हय? तुझ्या आयला तुझ्या..." पुढचं देवळात बोलता येत नाही. गाभाऱ्यातला कान देऊन ऐकतोय.

त्या गुरुवारीही आणला. अंगाला वास — नेहमीचा. डोळे मिटलेले — नेहमीचे. फक्त डोक्याला गुलाबी फेटा होता, घट्ट बांधलेला. सिस्टरच्या दोन खाटा भरलेल्या. एकीवर विंचू चावलेली म्हातारी किंचाळतेय. तिनं मोबाईल काढला. जोतीराम लोंढे. बोट गेलं कुठं? मागीलप्रमाणे! टक्! डोक्याला मार? नाही. बाहुल्या? सारख्या. रंग? हिरवागार!

सिस्टर वळली म्हातारीकडं. आणि मागून आवाज आला —

"ताई... पाणी द्या जरा."

तिनं दिलं नाही. म्हणाली, "पडून राहा जोतीराम, मिळेल पाणी." म्हाताऱ्या बाईला इंजेक्शन दिलं. सुई टाकली. हात धुतले. आणि हात धुता धुता नळाखालीच थांबली.

ताई?

मंडळी, या माणसानं तिला सहा महिन्यांत 'ताई' म्हटलेलं नव्हतं. बाई म्हटलं, डबडंवाली म्हटलं, तिच्या माहेरच्या सात पिढ्या उद्धरल्या. आणि आज 'ताई'? 'द्या'? आणि वर 'जरा'?

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? 'सुधारला बिचारा!' सिस्टरला नाही तसं वाटलं. चांगल्या वागण्याचा संशय आला तिला! म्हणाली — हा शिव्या का देत नाही?

ओल्या हातानंच खाटेशी गेली. "जोतीराम, आज वार कोणता?"

"हं."

"वार कोणता, वार?"

"...लग्नाचा."

"हात वर करा. दोन्ही!" उजवा उठला. डावा चादरीवरून चार बोटं सरकला आणि पडला. तिनं बॅटरी घेतली. उजवी पापणी वर केली. मग डावी. पुन्हा उजवी. एक बाहुली मोहरीएवढी. दुसरी? ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि उजेडाला हलेना!

मोबाईल टेबलावर पडलेला. अजून हिरवाच!

तिनं वॉर्डबॉयला पिटाळलं — "सरांना बोलवा, जेवत असले तरी उठवून आणा!" आणि हात घातला फेट्याला.

"हात काढा!"

कोण? जोतीरामाची बायको, हौसाबाई! बाजारात मिरच्या विकत बसलेली, बातमी कळली तशी टोपली टाकून आली. तिखटाचे हात, लाल डोळे.

"फेट्याला हात लावायचा न्हाई, शिस्टर! काल वरातीत मानाचा बांधलाय. माझ्या नवऱ्याला बोडका करून फोटू काढायचाय व्हय तुला?"

"अहो मावशी, डोकं बघायचंय."

"डोकं बघायला मोबाईल कशाला लागतो गं? दिवाळीत त्या खालच्या आळीच्या माणसाचं असंच केलंत! पिऊन पडलेला, धोतर सुटलेलं, अन् गावभर फिरवलंत ते चित्र! रविवारी माझ्या पोरीला बघाय पाव्हणं येणार हायती. मी न्हाई काढू देणार!"

खोटं होतं का मंडळी ते? नव्हतं! ते चित्र खरंच फिरलं होतं. सिस्टरनंही पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि — सांगू? — हसलीसुद्धा होती. आता कुठल्या तोंडानं म्हणणार, 'आमच्यावर विश्वास ठेवा'?

इकडं माणूस घोरायला लागलेला. साधं घोरणं नाही ते. थांबून थांबून. तिला ते घोरणं ओळखीचं होतं.

तिनं काय केलं असेल? भांडली? ढकललं बाईला? नाही! टेबलावरचा मोबाईल उचलला आणि हौसाबाईच्या तिखट हातात दिला.

"धरा. तुमच्याच हातात धरा. आता मी कशानं काढू फोटो? मावशी, मघाशी मी चुकले. न बघता भरलं मी याच्यात. तुमचा माणूस आज प्यायलाय, पण नुसता प्यायलेला नाही. हा फेटा मला सोडू द्या."

हौसाबाईनं मोबाईलकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. आणि मान न हलवता म्हणाली — "रातभर फेटा घालून झोपला व्हता. मला संशय आला व्हता, बाई. पर म्हटलं, इच्यारलं तर पुन्ना भांडण."

बघा! तिलाही आला होता. तिनं गिळला. पोरीच्या पाहुण्यांसाठी, घरातल्या शांततेसाठी गिळला.

"मीच सोडते," म्हणाली.

आणि सोडायला लागली. एक वेढा, दोन वेढे, गुलाबी कापड खाटेवरून खाली लोळतंय. पाचव्या वेढ्याला रंग बदलला. सहाव्याला कापड केसाला चिकटलेलं. कानाच्या वर — लिंबाएवढं टेंगूळ! वरातीत बँडच्या गाडीवरून पडला होता हा! बायकोला कळू नये, बँडच्या मालकाला कळू नये, म्हणून फेटा आवळून बांधला. आणि दुखतंय म्हणून दुसऱ्या दिवशी अजून प्याला!

सिस्टरनं हौसाबाईच्या हातातल्या मोबाईलवर स्वतःचं बोट टेकवलं. मागीलप्रमाणे नाही! एकेक प्रश्न, एकेक उत्तर, बघून, तपासून. पडदा लाल झाला. डॉक्टर खरकट्या हातानं पळत आले. अँब्युलन्स निघाली जिल्ह्याला; सोबत हौसाबाई, मांडीवर घडी न केलेला फेटा.

पाहुण्यांचं काय झालं? रविवारी आले. बाप जिल्ह्याच्या दवाखान्यात डोकं उघडून झोपलेला. परत गेले की थांबले, ते मला ठाऊक नाही, आणि खोटं मी सांगणार नाही.

पण सहा आठवड्यांनी, गुरुवारीच, अपघाताच्या खोलीच्या दारात एक माणूस उभा राहिला. डोक्याचा तुळतुळीत गोटा, त्याच्यावर टाक्यांची नागमोडी रेघ. आणि ओरडला —

"ए बाई! त्या डबड्यानं माझा फोटू काढलास न्हवं? तुझ्या आयला तुझ्या..."

मंडळी, मंदाकिनी सिस्टर खुर्चीत बसली आणि पदराला डोळे पुसत हसायला लागली. शिवी ऐकून असं हसलेलं माणूस तुम्ही पाहिलंय का कधी? दारू सुटली का त्याची? थोडी सुटली, थोडी राहिली.

आणि ती हिरवी नोंद? डॉक्टर म्हणाले होते, "दुसरी बरोबर आहे ना? मग पहिली कशाला दाखवायची वर?" ती म्हणाली, "राहू द्या सर. दोन्ही राहू द्या. अन् वर कळवा, त्या बटणानं डोळे भरायला नको." दोन नोंदी. मध्ये वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत काय झालं असतं, ते तिला रोज दिसायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाईलनं केलं! पूर्वी बरं होतं! मलाही तसंच म्हणावंसं वाटतं हो, या वयात गोड वाटतं ते. पण बळवंतराव आठवतात. आमच्या आळीचा धोंडू सुतार त्यांनी असाच हुंगला आणि म्हणाले, 'नेहमीचाच आहे, पडू दे ओट्यावर.' संध्याकाळी धोंडूच्या आईनं हाक मारली. धोंडू उठला नाही. मी नऊ वर्षांची होते. त्या ओट्यावरून शाळेत जायचे. तेव्हा मोबाईल कुठं होता? बटण मात्र होतंच.

म्हणून विचारते. संशय पाप की पुण्य? आता पुढची ओळ गप्प का?

ही सून, जिला तुम्ही म्हणता 'ती तशीच आहे' — शेवटचं कधी बघितलं तिच्याकडं? हा भाऊ, ज्याचा फोन आला की म्हणता 'काहीतरी मागणार' — या वेळी तो काय म्हणाला, ऐकलंत? घरी जाल. रोजचा भांडणारा माणूस आज गोड बोलेल. खूश होऊन झोपू नका! उठा, दिवा लावा, जवळ जा. आणि कुणाचा संशय घ्यायचाच असला, तर आधी आपल्या त्या बोटाचा घ्या, जे न बघता बटणावर जातं.

पेटीवाले, सोडा सूर. पांडुरंगाचं नाव घेऊ. पण मागीलप्रमाणे नको हं! आज जरा त्याच्याकडं बघून घेऊ.