पोस्टकार्डाएवढी फट

मोतीबिंदूच्या दवाखान्यात सुवर्णाबाई डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसल्या होत्या. नंबर काही लागत नव्हता. कान मात्र उघडेच होते, आणि शेजारीच बोलणं सुरू झालं.

“चिमाजीकाका, मी मनीषा. दुकानात कळलं, तुम्ही इथे आहात.”

“आता काय झालं? तुमच्या घरातल्या त्या जुन्या पिनबॉल मशीनच्या टार्गेटमागची, घंटी वाजवणारी पाती घासून, पुसून, नीट लावून दिली की.”

“खेळातली लोखंडी गोळी टार्गेटला न लागताच घंटी वाजते, काका. रस्त्यावरून ट्रक गेला की वाजलीच.”

“म्हणजे दोन पात्यांमधली फट कमी राहिली, जरा हादरा बसला की टेकतात. जन्मभर पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवली मी. या डोळ्यांनी घात केला बघ.”

“मामंजी अंथरुणावरून उठत नाहीत. घंटी वाजली की विचारतात, कोण आलंय गं खेळायला?”

“त्यांचं खेळांचं पार्लर बंद होऊन तर किती वर्षं झाली!”

“अकरा. आधी मी खरं सांगायचे, की कोणी नाही, ट्रक गेला. मग ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. आता सुचेल ते नाव सांगते. काल म्हणाले, त्याला चहा टाक. मग स्वतःही अर्धा कप घेतला. चार दिवसांनी काहीतरी पोटात गेलं त्यांच्या.”

“दमलीस गं पोरी. ऑपरेशन झालं की येतो आणि फट नीट करून देतो.”

“तेच सांगायला आले, काका. डोळे बरे झाले की चहाला या. पण फटीला हात लावू नका.”