जाळतील असं वाटलं त्याला

आमी वाणी, घाटनांदूरचे, बापाचं किराणा दुकान व्हतं तेच मी चालवतो. मन्मथ माझा धाकला भाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, बाप लवकर गेला म्हणून मीच त्याला वाढवला म्हणा. काय सांगू तुम्हाला, दुकानात त्याचं मन लागायचं न्हाई, जत्रंत सोंगं घेणाऱ्यांची तोंडं रंगवत बसायचा. एकदा वडवणीकडं पिच्चरचं शूटिंग आलतं, तिथल्या प्रोड्युसरनं त्याला मुंबईला नेलं, मेकअपवाला केलं. त्या प्रोड्युसरचं नाव मी घेत न्हाई, तोंड विटाळतं माझं. मी त्याला नुसतं तो म्हणतो, तुमीबी तोच लिहा.

तर त्यानं शूटिंगमधल्या एका पोरीला खोलीत कोंडून मारलं, आन मन्मथपुढं आणून बसवली, तोंडावरचे वळ झाक म्हणला. मन्मथ म्हणला मी झाकणार न्हाई, पोलिसात जबाब देणार. हे मन्मथनं मला फोनवर सांगितलं आन मी काय म्हणलो ठावं हाय का, मी म्हणलो तुला काय करायचंय बे, गप तुझं काम कर. हेच शेवटचं बोलणं आमचं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तुमचा भाऊ झोपेत गेला, हार्ट ॲटॅक. इथंच उरकू म्हणला, विद्युतदाहिनी सांगून ठेवलीय, तुम्ही फक्त या. मी म्हणलो न्हाई, घरी आई हाय, मयत गावाला आणा. मग ॲम्ब्युलन्स आली, मागं त्याची गाडी, पांढरे कपडे, हातात हार, आन डॉक्टरचा कागद.

आंघोळ मीच घातली. गळ्यावर पाणी वतलं, पुसलं, तर टॉवेलला रंग आला, कातडीच्या रंगाचा, आन त्याच्याखाली सगळं काळंनिळं. चुलते घाई करायलेले, मंत्र म्हणणारे स्वामी खोळंबलेले, कागद माझ्या खिशात, मला काय सुचंना, मी त्याच्यावर भस्म लावलं. माझ्या हातानं झाकलं मी. ऐकताव न्हवं?

आमी लिंगायत, आमच्यात जाळत न्हाईत. मयताला मांडी घालून बसवतेत, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतेत, आन मग माती देतेत. तो शेतात आला, इकडं तिकडं लाकडं हुडकायला, मग खड्डा दिसला त्याला. मला इचारतो, तुम्ही जाळत नाही? मी म्हणलो पुरतेत आमच्यात. तसं त्याचं तोंड उतरलं, घाम फुटला, पाणी मागितलं त्यानं. दहा वर्षं माझ्या भावाला राबवून घेतलं पण ह्याच्या घरी मयत पुरतेत का जाळतेत हे कधी इचारलं नव्हतं त्यानं. तिथंच कळलं मला की ह्यानंच मारलं.

ठाण्यात गेलतो तर साहेब म्हणला, कावून मढं उकरायलाव, कागद हाय की. भावकी म्हणली समाधी मोडली तर सगळ्या कुळाला पाप लागंल. मी आईपुढं बसलो, सगळं सांगितलं, टॉवेलचंबी सांगितलं. ऐंशी वर्षांची म्हातारी, रडली न्हाई, म्हणली उकर, पाप लागलं तर मला लागू दे. मग मी बीडला चकरा मारल्या, अर्जावर अर्ज केले, तवा कुठं तहसीलदार आले, डॉक्टर आले, पडदा लावून उकरलं. गळ्याचं हाड मोडलेलं निघालं. ती पोरगीबी मग पुढं आली, तिनं सगळा जबाब दिला. त्याला धरला.

पण मन्मथला दुसऱ्यांदा बसवता आलं न्हाई. काय राहिलं व्हतं बसवायला? कापडात बांधून आडवा ठेवला, स्वामींनी मंत्र तेच म्हणले. खुनाचं तर हायच, पण माझा भाऊ आडवा पडलाय तिथं, हे मी मरंपर्यंत इसरणार न्हाई.

त्याचा एक माणूस दुकानात आलता, मिटवून घ्या म्हणायला. मी काट्यावरचं पाच किलोचं वजन उचललं, तर चप्पल टाकून पळालं बेणं.

आता केस मुंबईला चालू हाय. दर तारखेला मी जातो, कपाळभर भस्म लावतो, त्याला दिसंल अशा बाकावर बसतो. तो मान वर करत न्हाई. जामीन दोनदा फेटाळला त्याचा. मागच्या तारखेला मातर लई खोकत व्हता, वाळलाय, डोळे आत गेलेत, त्याचा वकील जजला म्हणला साहेब ह्याची तब्येत खालावलीय. येताना बीडच्या पुढं एसटीतून उतरलो आन तसाच कपिलधारला आमच्या देवस्थानाला गेलो, हात जोडले, म्हणलो देवा, ह्याला काय होऊ देऊ नको. ह्याचा खोकला मला दे, माझं उरलेलं आयुष्य ह्याला घाल, पण असा फुकटात सोडू नको. अजून निकाल लागायचा हाय.