बाहेरच्या माणसाचं पत्र

ऑपरेशन थिएटरबाहेर नवऱ्यासाठी ताटकळत बसलेल्या शिवणवाल्या बाईंच्या कानावर शेजारच्या बाकावरचं बोलणं आपसूक पडत होतं. एक गिटारवाली पोरगी आणि तिच्या मैत्रिणीचे वडील. मैत्रीण आत होती.

“काका, संध्याकाळपर्यंत पुरावा दिला नाही, तर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं आमच्या बँडचं पान उडवणार आहेत.”

“तुला आत्ता पान सुचतंय?”

“आत जाताना तिनंच बजावलं, पान सांभाळ म्हणून. बारा वर्षं ड्रम बडवलेत तिनं.”

“मग मी देतो लिहून.”

“घरच्यांचं चालत नाही. बाहेरच्या माणसाचं, छापून आलेलं लागतं.”

“तसं काहीच नाही?”

“एकच आहे. पेपरातलं तक्रारीचं पत्र. ‘या पंक बँडनं नुसता वात आणलाय.’ खाली, एक त्रस्त रहिवासी.”

“ते नको पाठवू.”

“दुसरं काही नाही, काका.”

“अगं, तिला कळलं तर?”

“तिला माहीत आहे. पहिलंच वाक्य वाचून म्हणाली, हे आमचे बाबा. कात्रण तिनंच जपून ठेवलंय.”

दारावरचा लाल दिवा अजून पेटलेलाच होता. बाईंनी मान खाली घातली.

“पाठव मग,” वडील म्हणाले. “बाहेरच्या माणसाचंच आहे म्हणून सांग.”