वाफ्यातल्या कुड्या

लसूण सोलायला बसलं, की मला आमच्या सासूबाईंचे कान आठवतात. हसू नका, आधी ऐका.

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. भात निघालं, परसात वाफे तयार झाले आणि आईनं बियाण्याला ठेवलेला लसूण किडका निघाला. आमच्याकडं लसणाच्या पाकळीला कुडी म्हणतात. आई म्हणाली, "गुंजवण्याला सासुरवाडीला जा आन् कुड्या घिऊन ये."

मी नवा जावई, त्यात लाजरा. सासऱ्यांपुढं एवढंच बोललो, "आईनं कुड्या मागितल्यात."

सासऱ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई आत गेल्या आणि डोक्यावरून पदर घट्ट ओढून बाहेर आल्या. सासऱ्यांनी माझ्या हातात पुरचुंडी ठेवली. म्हणाले, "इनबाईंस्नी सांगा, घरात हुत्या त्या येवढ्याच."

बियाणं फारच थोडं वाटलं, पण मी विचारलं नाही.

घरी आईनं पुरचुंडी वाफ्यावरच सोडली. आत सासूबाईंच्या कानातल्या मोत्याच्या दोन कुड्या.

"लसणाचं नाव तरी काढलंस का तिथं?"

"तू तरी कुठं काढलं हुतंस?"

आई मातीच्या हातांनी तशीच निघाली. विहीणबाईंच्या कानांत तिनं स्वतः कुड्या घातल्या आणि लसणाची जुडी घेऊन आली.

लसूण झकास आला. पण पुढं सासूबाई असेपर्यंत मी दारात दिसलो, की त्या पाणी द्यायच्या आधी कानांवरून पदर ओढून घ्यायच्या.