बेसनाच्या गोष्टीत वाघ नाही

(रायपूरच्या पुरानी बस्तीतलं हिरालालचं किराणा दुकान. भरदुपार, गिऱ्हाईक एकच : रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गुलाबराव. काउंटरवर बेसनाची अर्धी थैली.)

हिरालाल : पाटी वाचा, काका. ‘बिना बिल माल वापस नहीं होगा.’ एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिली.

गुलाबराव : वाचली. चष्मा न लावता वाचली. आता तू सांग, या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात, तू बिल देतो कोणाले?

हिरालाल : कोणी मागतच नाही.

गुलाबराव : मी मागतलं होतं. तू म्हणाला, ‘छोडो काका, घर की बात है.’ विकताना घरची बात, अन् परत घेताना पाटी? बिल देणं तुहं काम, हिरालाल. तू दिलं नाही म्हणून खराब बेसन चांगलं होते का?

हिरालाल : बात तो सही है. पण ही थैली माझ्याच दुकानची कशावरून?

गुलाबराव : मी सांगून राहिलो ना.

हिरालाल : तीच तर पंचाईत! दुसरा कोणी सांगता तर डोळे मिटून मानलं असतं. तुम्ही म्हणजे, गार्डच्या डब्यात वाघ चढला अन् त्यानं डोंगरगडचं तिकीट दाखवलं...

गुलाबराव : तिकीट नाही. पास होता त्याच्यापाशी. तिकीट काढणारा वाघ मी अजून पाहिला नाही.

हिरालाल : पाहा! अन् बुढा तालाबातल्या माशानं तुमचं घड्याळ गिळलं, मग आठवडाभर पाण्यातून गजर वाजून राहिला.

गुलाबराव : चाबी चांगली दिली होती, वाजीनच.

हिरालाल : चला, गिऱ्हाईक नाही तवर बेसनाची होऊन जाऊ द्या. काय निघालं त्यातून? नाग?

गुलाबराव : काही नाही निघालं. माही नात आहे ना, दीपमाला, तिचे होणारे सासू-सासरे भंडाऱ्याहून आले होते. तुह्या काकूनं, अंजनाबाईनं, पातोडीचा रस्सा करायले घेतला.

हिरालाल : वा! मग?

गुलाबराव : बेसनाची पातोडी थापली, रश्श्यात सोडली. फुटली. पार पीठ झालं.

हिरालाल : अन्?

गुलाबराव : पाहुण्यायनं लोणच्यासंग पोळी खाल्ली.

हिरालाल : मग वाघ आला?

गुलाबराव : नाही आला.

हिरालाल : काकू काय म्हणाल्या?

गुलाबराव : कढई घासली, पालथी ठेवली. तवापासून गॅसपाशी गेली नाही. ‘माहा हात गेला,’ म्हणते. साखरपुड्याची पातोडी हॉटेलवाल्याले सांगितली तिनं. अख्ख्या रेल्वे कॉलनीले पातोडी शिकवली ज्या बाईनं, तिनं.

हिरालाल : पण पीठ हातात घेतल्यावर समजलं नाही त्यांना?

गुलाबराव : पांढुरकं दिसलं. पण मोतीबिंदू काढल्यापासून तिले सारंच पांढुरकं दिसते. माही मिशीसुद्धा. तिले वाटलं, डोळा नवा आहे, बेसन तेच आहे.

हिरालाल : मग?

गुलाबराव : मग काय? संपली.

हिरालाल : संपली? बस, इतकीच?

गुलाबराव : इतकीच.

हिरालाल : काका, ही गोष्ट तुमची नाही. इतकी बेचव गोष्ट तुमच्यानं बनतच नाही. आणा ती थैली इकडं.

गुलाबराव : घे. चाखून पाह.

हिरालाल : थू... हे बेसन कुठंय? हे चीलेवालं! अर्धं चावलाचं पीठ आहे यात. चीला, म्हणजे धिरडं, करायले लोक मिसळलेलंच मागतात, म्हणून त्याचा डबा वेगळा ठेवतो. हा इथं... थांबा. थांबा जरा. हे भगवान!

गुलाबराव : काय झालं? नाग?

हिरालाल : झाकण! डबे धुऊन उन्हात ठेवले होते, काका. नावं डब्यावर नाही, झाकणावर लिहिली आहेत. बेसनाचं याले बसलं अन् याचं बेसनाले! तरीच! काल चीलेवालं नेणारी मिसराइन सांगून राहिली, ‘भैया, ऐसा चीला तो मायके में नहीं खाया.’ खाईल कशी? निखळ बेसनाचे चीले खाऊन राहिला सारा पारा!

गुलाबराव : आता त्यायले माग बिल.

हिरालाल : मजाक नका करू. हे घ्या पैसे, अन् हे नवं बेसन वरून.

गुलाबराव : दोन्ही काहून? एकच दे, हक्काचं आहे तेवढं. बेसन दे. पण आधी तिले फोन लाव.

हिरालाल : मी? तुम्हीच घरी जाऊन सांगा ना.

गुलाबराव : सांगून पाहिलं रे. ‘तुह्या हाताची नाही, बेसनाची चूक आहे,’ म्हटलं. म्हणते, ‘झाली का तुमची गोष्ट सुरू!’ जिंदगीभर वाघ सांगितले तिले. आता खरं सांगाले तोंड कुठून आणू?

हिरालाल : लावतो. स्पीकरवर ठेवतो... हलो, काकू? हिरालाल बोलून राहिलो, दुकानातून. तुमची पातोडी माझ्यामुळं फुटली. झाकण चुकलं. बेसनात चावल होता.

अंजनाबाई : काय चारलं त्यायनं तुले?

हिरालाल : सच्ची, काकू! आता चाखलं मी.

अंजनाबाई : तिथंच बसले असतील ना ते? तोंड दाबून?

गुलाबराव : मी काही बोललोच नाही.

अंजनाबाई : हिरालाल, नेमकं काय सांगितलं त्यायनं?

हिरालाल : तुम्ही पातोडी केली, ती फुटली, तुम्ही कढई पालथी ठेवली. एवढंच.

अंजनाबाई : अन् वाघ?

हिरालाल : वाघ नाही.

अंजनाबाई : मासा? भूत? इंग्रज साहेब?

हिरालाल : कोणीच नाही, काकू. नुसती कढई.

अंजनाबाई : वाघ नाही, मग खरं असन. दोन किलो बेसन बांध, साखरपुड्याले लागीन. झाकण वाचून नको देऊ, चाखून दे. हॉटेलवाल्याले मी नाही म्हणून सांगते.

हिरालाल : हव, काकू. बिलही देतो.

अंजनाबाई : अन् त्यायले म्हण, येताना सांबाराची, कोथिंबिरीची ताजी जुडी आणा. वाटेत वाघ भेटला, तर त्यालेही आणा जेवाले.